उंबरदरीतलं आवतान

माझ्या सासूबाईंना गप्प बसवणं आजवर कुणाला जमलेलं नाही. सासऱ्यांनी जन्मभर प्रयत्न केला, हरले. मी साताऱ्याची, भांडणात एक पाऊल मागं न घेणारी, पण पंचवीस वर्षांत मलासुद्धा जमलं नाही. जमलं ते एका न्यूमोनियाला. त्या मेल्यानं गेल्या श्रावणात त्यांच्या छातीत ठाण मांडलं आणि आमचं घर इतकं शांत झालं की शेजारची माणसं विचारायला आली, सगळं ठीक आहे ना म्हणून.

सासूबाईंचं नाव पुतळा. ऐरोली गावठाणातल्या धवलारीण. आता धवलारीण म्हणजे काय हे मला लग्नाआधी ठाऊक नव्हतं, तेव्हा तुम्हाला नसेल तर लाजू नका. आगरी लग्नात मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत एकेका विधीचं एकेक गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. तो गाणारी बाई ती धवलारीण. ती गाईल तसा विधी पुढं सरकतो. तिनं तोंड उघडल्याशिवाय नवऱ्याला हळद लागत नाही. भटजी मागाहून येतात आणि दक्षिणा घेऊन जातात, पण लग्नाची खरी मालकीण ही बाई.

सासूबाई हे सगळं त्यांच्या आत्याकडून शिकल्या. भाताची लावणी करताना आत्या पुढं गायची आणि ही पोर चिखलात मागनं सूर ओढायची. पुढं शेतं गेली, खाचरांवर टॉवर उभे राहिले, सासऱ्यांनी शेतकरी होणं सोडून घरमालक होणं पत्करलं. धवला मात्र राहिला. गावठाणातली अर्धीअधिक लग्नं सासूबाईंच्या गळ्यातनं लागलेली आहेत, आणि त्या ते कुणाला विसरू देत नाहीत. बिल्डर झालेला एखादा पोरगा गळ्यातली साखळी मिरवत आला की त्याला म्हणायच्या, "जास्ती बोलू नको. तुजे हलदीला देव मीच बोलावलेले. परत जावाला सांगू काय?" तो बिल्डर मुकाट्यानं पाया पडायचा.

माझं लव्ह मॅरेज. घाटावरची सून आणली म्हणून गावात कुजबुज होती. हळदीला सासूबाईंनी आवतान सुरू केलं. आवतान म्हणजे देवांना लग्नाचं बोलावणं, तो सगळ्यात पहिला धवला. गावदेवी झाली, एकवीरा झाली, जेजुरीचा खंडोबा झाला, आणि मग त्यांनी मध्येच माझ्या माहेरच्या कृष्णामाईलाही लग्नाला या म्हणून बोलावलं. तिचं नाव त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. मी मांडवात हुंदके देऊन रडले. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी रोज भांडते, पण त्यांच्या विरुद्ध दुसऱ्या कुणाला एक शब्द बोलू देत नाही.

तर तो न्यूमोनिया. दवाखान्यातून घरी आल्या त्या निम्म्या होऊन. डॉक्टरांनी फुप्फुसासाठी ते तीन गोळ्यांचं यंत्र दिलं, नळीनं श्वास ओढायचा की गोळ्या वर जातात. "यो पोरांचा खेल मना कनाला?" म्हणून त्यांनी ते कपाटावर टाकलं. आणि मार्गशीर्षात, मी हातापाया पडून नको म्हणत असताना, शेजारच्या आळीत हळदीला गायला गेल्या.

हळदीचा धवला अर्ध्यात आला आणि त्यांचा दम संपला. आधी खोकला आला, मग आवाजच येईना. सुरू केलेला धवला मध्ये तोडायचा नाही हा त्यांच्या आत्याचा नियम. त्या ओठ हलवत राहिल्या आणि बाहेर काही पडलं नाही. मांडवातल्या बायकांनी कशीबशी पुढची ओळ उचलली. तेवढ्यात कुणा शहाण्यानं डीजे लावला.  त्यानंतर त्या स्वयंपाकघरातसुद्धा गुणगुणायच्या बंद झाल्या. खरं सांगते, भाकरी थापताना त्या गुणगुणायच्या तेव्हा मला राग यायचा, आणि आता ती शांतता मला खायला उठायची.

पौषात माझ्या लेकीचं, हेतलचं लग्न ठरलं. मुहूर्त वैशाखातला. पहिल्या नातीचं लग्न! सासूबाईंनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला, मग लगेच पडला. कारण सासरे, म्हणजे नामदेव आगासकर, कमी बोलणारा माणूस, तेव्हा बोलले.

"रखमाला नारल देऊ या."

रखमा पलीकडच्या गावची धवलारीण. गळा चांगला, बाईही चांगली. धवलारणीला नारळ दिला की काम तिचं झालं, मग तो शब्द फिरवता येत नाही. सासऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांनी मांडवात बायकोची फजिती बघितली होती, ती परत बघायची त्यांच्यात ताकद नव्हती. पण सासूबाई अशा बघत राहिल्या, जसं काही घरातनं त्यांचंच अंथरूण बाहेर काढलं.

"होलीपरत थांबा," त्या म्हणाल्या. "मंग द्या कोनालापन."

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, यंत्र नको असेल तर चढावर चालवा, हळूहळू. चढ म्हटल्यावर मी म्हटलं, हा तर माझा प्रांत. आमच्या साताऱ्यात घरातनं बाहेर पडलं की चढच. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पलीकडं डोंगरात उंबरदरी म्हणून जंगलाची दरी आहे. वनखात्यानं तिथं बाग केली आहे, म्हणजे दगडी पायवाट, कठडे, बाकडी, झाडांवर नावाच्या पाट्या. रविवारी टॉवरमधली माणसं पोरंबाळं घेऊन येतात. कुणाच्या खांद्यावर बाळ, कुणाच्या हातात आजीचा हात. वाट ओढ्याच्या कडेनं चढत चढत दरीच्या माथ्यावर एका जुन्या उंबराशी संपते. लहान पोरंही जातात अशी वाट.

सासूबाई पहिल्या रविवारी फाटकाजवळच्या वाघदेवाला हळदकुंकू वाहून पहिल्या बाकड्यापर्यंत पोचल्या आणि बसल्या.

"प्रिया, मना मारावाला आनलंस काय गो? खाडीची माणसा आमी. डोंगुर आमी लांबून बगतो."

"आई, चढ आला की थांबायचं नाही. पाऊल लहान करायचं. कितीही लहान, पण चालू ठेवायचं."

"तुजी साताऱ्याची अक्कल तुजेकडंच ठेव."

पण पुढच्या रविवारी पिशवी घेऊन त्याच आधी दारात उभ्या. दुसरं बाकडं झालं, ओढ्यावरचा लाकडी पूल झाला. महिन्याभरात त्या चालताना बोलायला लागल्या, म्हणजे भांडायला लागल्या, आणि मला हायसं वाटलं. मग एक दिवस पुलावर थांबून त्यांनी हळद दळायच्या गाण्याची एक ओळ म्हटली, अगदी पुटपुटल्यासारखी. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. उगाच कौतुक केलं असतं तर परत गप्प बसल्या असत्या.

"आवतान कधी म्हणणार?" मी नंतर एकदा विचारलंच.

त्यांनी कानाला हात लावला. "आवतान सरावाला नाय बोलायचं. येकदा देवांना बोलावलं का ते येतान. आन आले का त्यांना लगीन दावाला पायजे, हलद लावाला पायजे. पावन्यांना जेवाला बोलवून दार लावून घेशील काय तू?"

होळीच्या आधीचा शेवटचा रविवार उजाडला. उंबराचा माथा अजून गाठायचा राहिला होता. त्या दिवशी सासरेही आले, कारण परतताना तसंच रखमाच्या गावी जायचं ठरलं होतं. नारळ आणलेला. गाडीत ठेवला तर उन्हानं तडकेल म्हणून त्यांनी तो कापडी पिशवीत घालून बरोबर घेतला. म्हणजे बघा, पुढं सासरे, त्यांच्या हातात झुलणारा रखमाचा नारळ, आणि मागं त्या नारळावर डोळा ठेवून चालणाऱ्या आमच्या सासूबाई. मला इतका राग आला होता म्हणता! पण सासऱ्यांशी मी भांडत नाही, ते उत्तरच देत नाहीत, मजा येत नाही.

फाल्गुनातली सकाळ. पळस सगळा लाल झालेला. वाटेवर बरीच कुटुंबं होती. पुलानंतर आमच्या पुढंमागं एक जोडपं चालत होतं, विश्वजित आणि नमिता, ऐरोलीत आयटीवाल्यांच्या टॉवरमध्ये राहणारे. चारेक वर्षांची ईश्वरी त्यांच्या बरोबर. ती दर दहा पावलांना एक दगड उचलून बापाच्या खिशात घालत होती आणि बाप गुपचूप मागं टाकत होता.

शेवटचा चढ लागला. सासूबाईंनी पदर खोचला, पाऊल लहान केलं आणि निघाल्या. मी मागनं कान देऊन होते. श्वास लागत होता, पण तुटत नव्हता. अर्ध्यावर गुणगुणणं सुरू झालं. मग आवाज थोडा वर आला, मग आणखी. दरीत आवाज घुमतो. माझ्या अंगावर काटा आला, कारण तो जुना आवाज होता, मांडवातला! सासरे पुढं जाता जाता थबकले. चढावरची माणसं वळून बघायला लागली.

"पयलं आवतान गो गावदेवी माते,
दुसरं आवतान डोंगराच्या देवा..."

मी आनंदानं वेडी व्हायची बाकी होते. सासूबाई एकेक देवाला बोलावत माथ्यावर पोचल्या, उंबराला हात लावला, शेवटच्या देवाचं नाव घेतलं, आणि तिथंच त्यांच्या लक्षात आलं.

"अगो बाय!" त्यांनी तोंडावर हात मारला. "ये मी काय करून बसलू!"

सासरे मटकन खाली बसले. "पुतले, तू आवतान बोललीस?"

"तोंडातून निंगालं वो. चढाचे नादात निंगालं."

मला आधी हसू फुटलं. मग सासूबाईंचे डोळे बघितले आणि हसू विरलं. त्या खरंच घाबरल्या होत्या. "सगले देव आले आसतील गो," त्या म्हणाल्या. "ना मांडव, ना नवरा, ना नवरी. त्यांना तसंच धाडलं तं हेतलचे लग्नाला कंच्या तोंडानं बोलावू?"

काय सांगायचं! समजूत घालायला गेले तर माझ्यावरच ओरडल्या. नमिता पाणी घेऊन पुढं आली, आजींना काय झालं विचारायला. मी सगळं सांगितलं. तिनं विश्वजितकडं बघितलं, विश्वजितनं तिच्याकडं.

"आजी," नमिता म्हणाली, "आमचं लग्न लॉकडाऊनमध्ये झालं. रजिस्टर. मास्क लावून सह्या केल्या. हळद लागलीच नाही आम्हाला. आई अजून रडते त्यावरून."

सासूबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. घाबरलेली बाई क्षणात कुठं गेली कळलं नाही. धवलारीण उभी राहिली.

"हलद लागली नाय? मंग कसलं लगीन झालं गो तुमचं? बसा खाली!"

मग जे झालं ते मी जन्मात विसरायची नाही. मांडवाला आमच्याकडं उंबराची फांदी लागतेच, इथं तर अख्खा उंबर उभा. सपाट दगडाचा पाट झाला. वाघदेवाला वाहून उरलेली हळद सासूबाईंच्या पिशवीत होती, ती मी बाटलीतल्या पाण्यात कालवली. अक्षता कुठून आणायच्या, तर एका घरच्या पोरांकडं भेळीचे कुरमुरे होते, ते वाटले. बघता बघता वाटेवरची सगळी कुटुंबं गोळा झाली. कोण गुजराती, कोण मल्याळी, कोण नागपूरचे. एकानं टाळ्या वाजवायला घेतल्या तर सासूबाईंनी दटावलं, "टाली नको, यो भजन नाय."

"मी कुठे बसू?" ईश्वरीनं विचारलं.

"तू करवली. आईचे बाजूला उबी ऱ्हा, आन हसू नको."

आईबापाच्या लग्नात करवली झालेली ती पोर इतकी ताठ उभी राहिली की बघणाऱ्यांनीच तोंडावर रुमाल धरले.

सासूबाईंनी विचारलं, "तुमचे घरचे देव कंचे? ते ऱ्हायले बोलावाचे." विश्वजित नांदेडकडचा, त्यानं माहूरच्या रेणुकाआईचं नाव सांगितलं. नमिता वेंगुर्ल्याकडची, ती वेतोबा म्हणाली, ज्याला नवसाच्या चपला वाहतात तो. सासूबाईंनी दोघांनाही आवतान दिलं, रेणुकाआईला लांबून यायचंय म्हणून आधी आणि वेतोबाला चपला घालून या म्हणून मागनं. नमिताचे डोळे भरून आले. मला माझी कृष्णामाई आठवली आणि माझेही भरले.

मग हळदीचा धवला. तोच, मार्गशीर्षातला. मी हळदीची वाटी धरून बसले होते. सासरे उंबराला टेकून उभे, पिशवी छातीशी धरलेली. धवला चढत गेला, नमिताच्या गालाला हळद लागली, विश्वजितच्या कपाळाला लागली. आणि जिथं त्या दिवशी अडलं होतं नेमकं तिथंच सासूबाईंना खोकला आला.

 मी बाटलीकडं हात नेला. सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले.

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. खरं सांगते, त्या नजरेत मला तो चढ दिसला. त्यांनी ओळ सोडली नाही. ओळ लहान केली. आवाज अगदी खाली आणला, एकेक शब्द, एकेका शब्दाला एक श्वास, कुणाला ऐकू जाईल न जाईल असा, पण चालू. पाऊल लहान, पण चालू! एक कडवं तसं गेलं. दुसरं थोडं उघडलं. तिसऱ्याला आवाज मोकळा झाला, आणि मग बाईंनी असा सूर लावला की दरीच्या पलीकडच्या कड्यावरून तो परत आला. शेवटच्या ओळीपर्यंत एकही शब्द गळला नाही. कुरमुरे उडाले. पोरं ओरडली. कुणीतरी शिट्टी मारली, आणि या वेळी सासूबाई कुणावर ओरडल्या नाहीत. त्या हसत होत्या, घामानं चिंब, हळदीनं हात पिवळे.

"आता देवांना परत धाडावाचं," त्या म्हणाल्या. "नारल पायजे."

कुणाकडं नारळ असणार हो जंगलात? माणसं पिशव्या धुंडाळू लागली, एकानं पेरू काढला.   मी आणि सासूबाईंनी मात्र सासऱ्यांच्या हातातल्या पिशवीकडं बघितलं.

सासऱ्यांनी पिशवीत हात घातला. रखमाचा नारळ बाहेर काढला. क्षणभर तो तळव्यावर तोलला, आणि उंबराखालच्या दगडावर असा आपटला की पाणी माझ्या साडीवर उडालं.

"बाबा!" मी म्हटलं. "रखमाला काय सांगणार?"

"रखमाला आजून कई बोललो नाय मी," ते म्हणाले. "हेतलचे लग्नाला ती जेवाला येल."

खोबरं सगळ्यांना वाटलं. ईश्वरीनं तीनदा घेतलं. उतरताना ती भेटेल त्याला सांगत होती, आत्ता माझ्या आईबाबांचं लग्न झालं म्हणून, आणि भेटणारे तिच्या आईबाबांकडं संशयानं बघत होते. सासूबाई पुढं चालत होत्या, कुठल्याही बाकड्यावर न बसता. मी म्हटलं, आई, साताऱ्याची अक्कल उपयोगी पडली की नाही? तर म्हणाल्या, "पडली, पडली. आता गावभर दवंडी नको पिटवू."

फाटकाजवळ वाघदेवापाशी नारळाचं दुकान आहे. सासरे तिथं थांबले. एक नारळ निवडला, ठेवला, दुसरा निवडला. हा माणूस घरात बायकोला नावानं हाक मारायचाही आळस करतो. तो त्या भर गर्दीत टोपी नीट करून बायकोसमोर उभा राहिला, आणि परक्या घरच्या धवलारणीसमोर वाकावं तसा वाकला.

"पुतलाबाय," ते म्हणाले, "आमचे नातीचं लगीन हाय वैशाखात. धवला बोलावाला तुमी यावाला पायजे." आणि नारळ त्यांच्या पदरात घातला.

सासूबाईंनी डोळे पुसले. नारळ कानाशी नेला, हलवला, आत पाणी वाजतंय का ऐकलं.

"बगतंय," त्या म्हणाल्या. "त्या दिशी दुसरीकडं बोलावलं नसंल तं येन."